तंबोरा घरात असताना

मिरजेच्या गाडीत वाकळेत गुंडाळून काहीही घेऊन चढा, लोक त्याला आजारीच समजतात. मिरजेला माणूस दुसरं कशाला जातं? दवाखान्यालाच.

टाकारीच्या फलाटावर श्रावणातली एक सर येऊन गेली होती. छपराच्या कडेनं अजून थेंब गळत होते, आणि आप्पासो थोरात खांद्यावर लांबलचक वाकळ घेऊन डब्याच्या दारात अडकले होते. मागून त्यांची लेक शालन एका हातानं वाकळेचं बूड सावरत होती नि दुसऱ्यानं स्वतःचा पदर.

"आवं, सरा की जरा," आतून कोणीतरी म्हणालं, "लेकरू आजारी हाय त्यांचं."

झालं. डबा दुभंगला. एका म्हातारीनं पाय वर घेतले, आणि खिडकीशी बसलेला एक तरुण लगबगीनं उठून म्हणाला, "हितं निजवा. जपून."

शालनला खरं सांगायचं होतं. पण जागा मिळत असताना खरं सांगणारा माणूस अजून त्या गाडीत चढायचा होता. तिनं मुकाट्यानं वाकळ बाकावर आडवी केली आणि काठाशी टेकली. आप्पा पलीकडच्या बाकावर गेले आणि बसल्याबसल्या पेंगू लागले.

"कुणाचं लेकरू, बाबा?" म्हातारीनं विचारलं.

"मंडळाचं," आप्पा डोळे न उघडता म्हणाले.

तरुण उभाच होता. सदरा पावसानं भिजून खांद्याला चिकटलेला, ओठावर मिशीची कोवळी रेघ. वाकळेच्या कोपऱ्यातल्या एका हिरव्या ठिगळावर त्याची नजर थांबली... आणि तो उगाच खाली बघून हसला.

"काय हुतंय त्याला?"

शालननं त्याच्याकडं रोखून पाहिलं. चेहरा गंभीर होता, पण डोळे काही त्या चेहऱ्याच्या ताब्यात नव्हते.

"घोडी निसटलीया नि तार तुटलीया," ती म्हणाली. "तंबोरा हाय त्यो."

"अरारा... मंजे दुखणं जुनं दिसतंय."

"दुखणं जुनं न्हाई. दुखणं पलीकडच्या काठाला ऱ्हातंय."

"माणूस हाय?"

"हाय म्हणत्यात. मी तोंड बघितलं न्हाई त्याचं, बघायचंबी न्हाई. दर खेपंला त्याच्या घरनं तंबोरा येतोय त्यो असा — तारा नुसत्या लोंबत्यात. मी जीव तोडून वर चढवायच्या, त्यानं परत खाली सोडायच्या. वाद्य हाय का हिरीचा दोर?"

"लय अडाणी दिसतोय."

"अडाणी न्हाई. आडमुठा."

"गळा कसा हाय पन त्याचा?"

"आसंल की आडासारखा खोल. म्हणून तर तारा एवढ्या खाली लागत्यात त्याला."

"आडाचं पाणी गोड असतंय," तो म्हणाला.

"बादली बुडंपतूर जीव जातो त्याचं काय?"

खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून त्यानं म्हातारीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, मग शालनपुढं पुरचुंडी धरली. "आजाऱ्याला नगं. पन आजाऱ्याच्या माणसानं तोंडात टाकावा. राग जरा खाली येतो."

गूळ चांगला होता. रागाचं काय झालं ते शालननं कळू दिलं नाही. पण जिभेवर तो विरघळत असताना तिला वाटत राहिलं, हा वास आपल्या ओळखीचा आहे... कुठला, ते मात्र आठवेना.

आता मंडळाचं सांगायला हवं. मंडळ म्हणजे सुभेदार केरबांचं खूळ. पलटणीच्या बँडमध्ये उमेद घालवून हा माणूस गावी आला तो बूट, शिस्त आणि सूर घेऊन. चावडीमागच्या खोलीत त्यानं ‘कृष्णाकाठ गायन मंडळ’ काढलं. गावं दोन्ही काठांवरची, गाणारी घरं पाचसहा, आणि तंबोरा एकच. "खोलीत टांगला तर तो खोलीचा," सुभेदार म्हणाले, "फिरला तर मुलखाचा." म्हणून तंबोऱ्याला ड्यूटी लागली. एका घरी चार दिवस मुक्काम, मग सायकलीवरून नाहीतर होडीतून पुढच्या घरी. ज्या घरी तो जाई, तिथल्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा त्याच्या वाकळेला लागे. लोक त्याला पाव्हणाच म्हणायचे. आल्यावर बायका हळदकुंकू लावायच्या, आणि संध्याकाळी अर्धी आळी सोप्यात येऊन बसायची, कुणी गायला, कुणी नुसतं तारेवर बोट फिरवून बघायला.

आणि सुभेदारांचा एक कायदा होता. तंबोरा घरात असताना कुणी आवाज चढवायचा नाही. चढलेल्या आवाजानं तारा उतरतात, असं त्यांनी ठोकून दिलं होतं. खरंखोटं कुणी तपासलं नाही, पण कायदा लागू पडला. बांधावरचे तंटे चार दिवस थांबायचे. सासवा सुनांना हळू आवाजात टोमणे मारायच्या, त्यामुळं निम्मे टोमणे वायाच जायचे. आप्पा आणि त्यांचे थोरले भाऊ विहिरीच्या पाण्यावरून बोलायचे बंद झाले होते, ते एका मुक्कामात पुन्हा बोलायला लागले. ओरडता येत नाही म्हटल्यावर माणसाला दुसरं करण्यासारखं उरतंच काय?

शालनला हा पाव्हणा म्हणजे श्वास होता. चावडीमागच्या खोलीत बाप्ये बसायचे, तिथं पोरीबाळींनी जायची रीत नव्हती. सुभेदारांनी तिला जे शिकवलं ते त्या चार दिवसांतच, सोप्यात बसवून, आईच्या नजरेसमोर. एरवी ती भाकरी थापताना, धुणं पिळताना सूर मनात धरून ठेवायची. आपल्या घरची फेरी आली की तो सोडायची. नदीवर पाणी भरणाऱ्या बाया तेवढ्यापुरत्या घागरी अर्ध्या भरून थांबायच्या.

भानगड एवढीच होती की बाईचा गळा नि बाप्याचा गळा एका उंचीवर चालत नाही. पेटीवर बोट ठेवून सांगायचं तर शालनचा सा काळी चारवर. नदीपलीकडच्या त्या माणसाचा खूप खाली, काळी एकवर. तंबोरा त्याच्या घरून थेट तिच्या घरी यायचा, आणि दर वेळी ही चढवाचढवी. शेवटी परवा तार कडाडली, तारांखालची घोडी उडाली. सुभेदार स्वतः बघायला आले. भोपळ्यावरून हात फिरवत म्हणाले, "दोन सुरांच्या वडाताणीत जनावर मरतंय, आप्पासो. आता दसऱ्यापासनं एकच सूर. बाप्ये जास्ती, तवा काळी एक. नि फिरती बंद. तंबोरा खोलीत ऱ्हाईल."

शालनला ओरडून भांडायचं होतं. पण ती बोलली काहीच नाही. तंबोरा घरात होता ना.

मिरजेत वाद्यं घडवणाऱ्यांची गल्ली लांबूनच ओळखू येते. दुकानांपुढं भोपळे वाळत टांगलेले, आत लाकडाचा भुसा आणि लाखेचा वास. म्हाताऱ्या चाचांनी वाकळ सोडली, घोडी बसवली, नव्या तारा ओढल्या. काम चांगलं दोनतीन तास चाललं. शेवटी खुंटीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "सूर कुठला ठेवू, बाई?"

"काळी चार," शालन म्हणाली.

"काळी एक," मागून आवाज आला.

खोल आवाज. आडासारखा.

शालन वळली. दारात तो गाडीतला तरुण उभा होता, भिजका सदरा आता वाळलेला. आणि त्याच क्षणी तिला तो गुळाचा वास कुठला ते आठवलं. वाकळेचा. दर फेरीला तंबोरा त्या घरून यायचा तो गुऱ्हाळाचा वास घेऊन यायचा, आणि ती नाक खुपसून मनातल्या मनात त्या आडमुठ्याला शिव्या द्यायची...

"तुमी..."

"नाथाजी मोहिते. पलीकडचा काठ," तो हात जोडून म्हणाला. "दुखणं."

"ह्योच का त्यो?" आप्पांनी विचारलं.

"ह्योच."

"सुभेदारांनी धाडलंय," नाथाजी आप्पांना म्हणाला. "चूक कुणाची ते मिरजंतच ठरवून या म्हणाले."

"मग गाडीत का बोलला न्हाई?" शालनचे कान तापले होते.

"तुमी एवढं मन लावून बोलत हुता. मधीच ओळख करून देणं बरं दिसलं नसतं."

चाचा हसले. "चूक कुणाचीच नाही. एक बैल दोन गाड्यांना जुंपला की बैल बसणारच. पण हा तंबोरा मुळात बायकी घडणीचा. काळी चारलाच खुलतो." त्यांनी तारा लावल्या, घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवला, त्यानं तार नुसती न वाजता गुंजते. मग पहिल्या तारेवर बोट ठेवून शालनला म्हणाले, "ही आज पंचमापर्यंत ओढू नका. नवी आहे, तुटेल. मध्यमावर सोडलीय, चार दिवस तिथंच राहू द्या."

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. सांगली गेली. आप्पांनी डोक्याखाली पटका घेतला आणि भिलवडीच्या आतच त्यांचा श्वास एका लयीत लागला. खिडकीबाहेर उसाचे फड ओल्या उन्हात चमकत होते. समोरच्या बाकावर नाथाजी, मधे वाकळ.

"नीट लावलाय का बघू तरी," शालन स्वतःशीच म्हणाली आणि तंबोरा मांडीवर घेतला. डब्यात ती एकटी नाही हे ती विसरली होती असं नाही. पण तसं दाखवणं भाग होतं.

तारा बोलू लागल्या. गाडीचा ठेका खालून चालूच होता. नाथाजी खिडकीबाहेर बघत होता, आणि काय गुणगुणतोय हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं — एक लांब, संथ, खालचा सा...

"थांबा," शालन म्हणाली.

तो थांबला. "चुकलं का?"

"न्हाई. थांबू नका. परत म्हणा."

"थांबू का म्हणू?"

"म्हणा की वो..."

त्यानं सा लावला. शालननं फक्त पहिली तार छेडली. आवाज कुठं संपला आणि तार कुठं सुरू झाली, कळेना. तिनं पुन्हा छेडली, त्याचा सा पुन्हा तिथंच बसला. जसं कुणी आपल्याच घरच्या पायरीवर बसावं. मग तिनं मधल्या दोन तारा वाजवल्या आणि अगदी हळू स्वतःचा सा लावला. दोन्ही आवाज एका तंबोऱ्यात शेजारीशेजारी उभे राहिले, दोन मोटांच्या विहिरीवर एक मोट वर येताना दुसरी खाली जाते, कुणी कुणाला अडवत नाही, तसे.

गाडी तेवढ्यात एका पुलावरून गेली म्हणून बरं. नाहीतर काही क्षण फारच शांत गेले असते.

"ही तार तुमची कुठली?" नाथाजीनं विचारलं.

"पहिली. माझा मध्यम."

"नि माझा सा." तो तारेकडं बघत म्हणाला. "मंजे... तुमच्या सुरात मी पयल्यापासनंच हुतो."

"हुता. पन लोंबत हुता."

तो हसला, चांगला मोकळा हसला, आणि आप्पांनी कूस बदलल्यावर दोघंही एकदम खिडकीबाहेरचा ऊस मोजल्यासारखं बघू लागली.

"आता तारा सोडायचं कारणच ऱ्हायलं न्हाई," टाकारी जवळ आल्यावर तो म्हणाला.

"मग मी भांडू कुणासंगं?"

"त्याची काळजी करू नका. दुसरं काय तरी काढू."

पुढच्या फेरीला तंबोरा पलीकडून आला तो तसाच, तारा तिनं ठेवल्या तिथंच. फक्त पहिल्या तारेखालचा पांढरा दोरा गेला होता, आणि त्याच्या जागी हिरवा होता. वाकळेच्या कोपऱ्यातल्या ठिगळाचा, त्याच्या आईच्या, राहीबाईंच्या लुगड्याचा हिरवा. शालन बराच वेळ तो दोरा बघत बसली. चौथ्या दिवशी तंबोरा पुढं निघाला तेव्हा तिथं अबोली दोरा होता, तिच्या चोळीच्या काठातला. मधल्या घरांतल्या लोकांना काय दिसलं, काय नाही, कोण जाणे. पण दुसऱ्याच्या दोऱ्यात बोट घालू नये एवढं शहाणपण त्या मुलखात होतं.

त्यानंतरच्या फेरीला आला तो दोरा पिवळा होता. शालननं तो बोटावर घेतला, तर बोटही पिवळं झालं. हळद. ओली, ताजी, दाट हळद.

आता हळदीत बुडवलेल्या दोऱ्याचा अर्थ कुणी कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शालननं दोरा काढला, पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. त्या जागी काय ठेवावं ते मात्र तिला सुचेना. हो म्हणणारा रंग कुठला? चार दिवस ती विचार करत राहिली, आणि चौथ्या दिवशी आप्पा तंबोरा उचलायला आले तेव्हा घाईत हाताला लागला तो साधा पांढरा दोरा तिनं सरकवून दिला. होडी पाण्यात गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं की पांढऱ्या, कोऱ्या दोऱ्याचा अर्थ तो ‘न्हाई’ असाच घेईल.

आणि घडायचं ते सगळं त्याच सुमाराला घडलं. गणपती बुडाल्यावर मंडळाची बैठक झाली, आणि नाथाजीनं तिथं उठून सांगितलं की बाई नि बाप्या एका तंबोऱ्यावर गाऊ शकतात, तार सोडायला नको की तोडायला नको. बाप्ये हसले. पेटीवाला म्हणाला, असं काय नसतं. सुभेदार मात्र हसले नाहीत. "दसऱ्याला मंडळाचा वाढदिवस हाय," ते म्हणाले. "थोरातांची पोर नि तू, दोघं एका तंबोऱ्यावर बसा. जमलं तर फिरती चालू. न्हाई जमलं तर तंबोरा खोलीत. संपला विषय."

त्या दिवशी तंबोरा थोरातांच्या घरात नव्हता, त्यामुळं आप्पांना मोकळेपणानं ओरडता आलं.

"परक्या बाप्याच्या मांडीला मांडी लावून आमच्या पोरीनं गावाफुडं बसायचं? सुभेदाराचं डोस्कं फिरलंय."

"आवं, गाणंच म्हणायचं हाय," शालनची आई बाळाबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या. "संसार कुठं मांडायचाय?"

"लोक गाणं बघत न्हाईत. संसारच बघत्यात."

"आप्पा, मग तंबोरा परत यायचा न्हाई," शालन म्हणाली.

"न्हाई तर न्हाई. तंबोऱ्यावाचून कुणाच्या पोरी उपाशी मेल्या न्हाईत."

त्या संध्याकाळी तिनं भाकरी थापताना सूर धरला नाही, आणि भाकरीही एक फुगली नाही. आप्पांनी ती तशीच खाल्ली. चांगली झाली नाही असं म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही.

मग परतीचा पाऊस आला. कृष्णा लाल होऊन पसरली, होडी काठाला बांधून ठेवली. तंबोरा नाथाजीकडं, पलीकडं. शालन रोज पाण्याचं निमित्त करून घाटावर जायची. पलीकडचं गुऱ्हाळघर ठिपक्याएवढं दिसायचं, ऐकू यायचं ते नुसतं पाणी. पदराच्या टोकाची गाठ ती चाचपायची, सोडायची, पुन्हा बांधायची. आपण त्याला पांढरा दोरा दिला... बाईमाणसानं एवढी घाई करू नये, आणि एवढा उशीरही.

पाणी उतरलं, आणि पहिल्याच होडीनं सकाळी दोन माणसं अलीकडं आली. पुढं सुभेदार, मागं नाथाजी, खांद्यावर वाकळ.

आप्पा सोप्यात बसून दोर वळत होते. त्यांनी मान वर केली, मिशा फुलल्या, तोंड उघडलं. पण नाथाजी त्यांच्याहून चपळ निघाला. त्यानं राम राम करायच्या आधी तंबोरा घोंगडीवर टेकवला, वाकळ सोडली, आणि मग हात जोडले.

आप्पांचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

"ह्यो आजच कसा आणला?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं. "मुक्काम अजून तुमच्याकडं हाय."

"व्हय. पन मला बोलायचं हुतं," नाथाजी म्हणाला. "नि तंबोरा घरात नसताना तुमच्याम्होरं बोलायची माझी छाती न्हाई."

सुभेदार खोकले. स्वयंपाकघराच्या दाराआड शालननं उखळ घट्ट धरलं. का, ते उखळालाच माहीत.

"तुमी म्हणाला, परक्या बाप्यासंगं पोरगी बसणार न्हाई," नाथाजी म्हणाला. त्याचा एरवीचा खोल आवाज जरा वर सरकला होता. "बरुबर हाय तुमचं. परका हायच मी. तर माझं म्हणणं... ते परकेपन तेवढं काढून टाकलं तर?"

आप्पांच्या हातातला वळता दोर सुटून पुन्हा उलगडला.

आप्पा लाल झाले. मग जांभळे झाले. तंबोऱ्याकडं बघत ते कुजबुजले, "काय बोलतूस ते कळतंय का तुला?"

"कळतंय."

"ह्ये बोलायला मोठी माणसं येत्यात," आप्पा आणखी कुजबुजले.

"आई येणार हुती. पाण्याला भितीया. आजून थोडं उतरलं की येती म्हणाली."

"मी हाय की मोठा," सुभेदार म्हणाले. "उगं चालत आलोय व्हय चिखलातनं?"

आप्पा उठले. सोप्यातून उतरले, अंगण ओलांडलं, गोठ्यात शिरले. आणि मग गोठ्यातून आवाज आला. काय तो आवाज. बैलाची सात पिढ्यांची अक्कल त्यांनी काढली, त्याच्या चालण्याची, बसण्याची, कडबा खाण्याची. बैल बिचारा गरीब होता, या सगळ्यात त्याचा काडीइतका संबंध नव्हता. पण गोठ्यात तंबोरा नव्हता.

थोड्या वेळानं आप्पा परत आले, पटक्यानं तोंड पुसत. चांगले मोकळे दिसत होते.

"शालन," त्यांनी हाक मारली.

ती दारात आली.

"ऐकलंस न्हवं सगळं? मग तुझं काय म्हणणं हाय?"

दाराआड उभं राहून तिनं मनात जुळवलेलं सगळं वाक्य उडून गेलं. नाथाजी घोंगडीच्या काठाकडं बघत होता. शालन पुढं झाली आणि तंबोऱ्यापाशी बसली. बोलता येत नाही तेव्हा हाताला जे येतं तेच माणूस करतं. तिनं तारा छेडल्या.

पहिली तार पंचमावर होती.

तिनं पुन्हा छेडली. पंचमच. चाचांनी मध्यमावर सोडलेली, इतक्या फेऱ्या तिथंच राहिलेली तार त्यानं वर चढवून आणली होती. त्याचा सा त्या तंबोऱ्यात कुठंच उरला नव्हता. तिचा तंबोरा त्यानं पुरता तिचा करून आणला होता, स्वतःला बाजूला काढून. आणि तारेखाली तिनं दिलेलाच पांढरा दोरा.

शालननं वर पाहिलं. नाथाजीचे कान गुऱ्हाळाच्या चुलीसारखे लाल होते. "म्हणलं, पांढऱ्याचा अर्थ न्हाई असंल, तर तुमाला माझी अडचण नगं," तो पुटपुटला.

"आडमुठं," ती म्हणाली, पण अगदी हळू. तंबोरा घरात होता.

तिनं खुंटी धरली आणि पहिली तार खाली आणू लागली. एकदम नाही... थोडी, मग आणखी थोडी, पंचम सुटला, तार मधेच रेंगाळली, आणि मग मध्यमावर येऊन बसली. पदराच्या टोकाची गाठ तिनं दातानं सोडली. पांढरा दोरा काढून टाकला. वाळून फिका झालेला, पण अजून पिवळाच असलेला दोरा तारेखाली सरकवला, आणि छेडली.

कुणी सांगितलं नव्हतं, तरी नाथाजीनं सा लावला.

सुभेदारांनी डोळे मिटून घेतले. बाळाबाईंनी चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं. आप्पांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण ते तंबोरा खांद्यावर वाहून आणणारे होते, त्याचं वजन त्यांना ठाऊक होतं. ते खांबाला टेकून ऐकत राहिले. आवाज थांबल्यावरही थोडा वेळ ऐकत राहिले.

"ह्यो पिवळा दोरा," मग ते हळूच म्हणाले, "कवापासनं?"

"मागल्या फेरीपासनं," शालन म्हणाली.

"नि मी खांद्यावरनं वाहतोय."

"व्हय, आप्पा."

आप्पांनी गोठ्याकडं एकदा बघितलं, पण बैलाची दया आली असावी. "सुभेदार," ते म्हणाले, "दसऱ्याला बसू दे दोघांना. म्हातारीला पाणी उतरलं की घेऊन या. फकस्त एक अट हाय. तंबोरा कायमचा ह्यांच्या घरात ठिवा. माझी पोर गप बसणाऱ्यातली न्हाई."

"न्हाई जमायचं," सुभेदार म्हणाले. "ड्यूटी म्हंजे ड्यूटी. चार दिवस. मग फुडच्या घरी."

"मग बाकीचं दिवस ह्या दोघांनी करायचं काय?"

बाळाबाई आतून दुधाचा राग मनातच ठेवून चहा घेऊन आल्या. शालननं नाथाजीपुढं पेला धरला. त्यानं तो घेतला, तिच्या बोटांवरची हळद पेल्याला लागली होती.

"गाडीत मला काय काय म्हणाला हुता," तो हळूच म्हणाला, "ते सगळं आजून तसंच हाय का?"

"हाय," शालन म्हणाली. "वर आजून भर पडलीया. पांढरा दोरा बघून तार चढवली, त्याचीबी."

"मग बोला की."

तिनं तंबोऱ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "आत्ता न्हाई. त्यो फुडच्या घरी गेल्यावर."